जिलेबीचा रंग आणि फ्लशची टाकी: एका फ्लॅटमधला पाण्याचा हिशेब

२०२३चा पाऊस ओढ देऊन गेला आणि २०२४च्या मार्चपासूनच आमच्या गेटाशी टँकर उभा दिसायला लागला. पुण्याच्या पश्चिमेकडची, नव्वदच्या दशकातली बारा फ्लॅटची आमची सोसायटी. खाली जमिनीतली टाकी, गच्चीवर दुसरी, सकाळी महापालिकेचं पाणी आणि ते पुरेनासं झालं की दहा हजार लिटरचा टँकर. खडकवासला साखळीतल्या चार धरणांची क्षमता एकोणतीस टीएमसीच्या आसपास आहे, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आपल्या संडासाच्या टाकीत किती लिटर मावतात, हे मात्र मला सोसायटीची खजिनदार असूनही ठाऊक नव्हतं.

खजिनदार म्हणजे टँकरच्या पावत्या माझ्या डब्यात. मार्चच्या मीटिंगमध्ये पाणी कुठे जातं यावर नेहमीची यादी झाली: गाड्या धुणं, नळ सोडून भांडी घासणं, तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या कुंड्या. संडासाचं नाव कुणी काढलं नाही. शिष्टाचार म्हणून असेल, किंवा तिथलं पाणी बटण दाबलं की दिसेनासं होतं म्हणून असेल. मी घरी आले आणि म्हटलं, दुसऱ्यांना सांगण्याआधी आपल्याकडचं मोजून तरी बघू. जूनपर्यंत जे मोजलं, जे फसलं आणि जे जमलं, त्याचं हे टिपण.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला मुलगा आणि सासूबाई. आईंचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, कान शाबूत. हे कान पुढे महत्त्वाचे ठरणार आहेत. संडास दोन. एक कमोडचा, मागे चिनी मातीची टाकी असलेला. दुसरा देशी, वर साखळीची बिडाची टाकी. ती साखळी तुटून दहा वर्षं झाली, त्यामुळे तिथे बादलीनेच काम. तो सकाळच्या घाईत फक्त नवरा वापरतो. हिशेब मुख्यतः कमोडचा.

मोजायला काही लागत नाही. टाकीखालचा अँगल कॉक, म्हणजे टाकीत येणारं पाणी अडवणारी तोटी, बंद केला, झाकण उचललं, पाण्याच्या रेषेपाशी फडक्याने पुसून नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिला. चिनी मातीवर पेन्सिल उठत नाही आणि घरातला मार्कर नेहमीप्रमाणे वाळलेला होता. मग फ्लश केला आणि एक लिटरच्या बाटलीने त्या ठिपक्यापर्यंत पाणी ओतत गेले. साडेनऊ बाटल्या. प्रत्यक्षात थोडं जास्तच जातं, कारण टाकी रिकामी होत असताना वरून नळ चालूच असतो. पण साडेनऊ धरू.

दाराच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. जो जाईल त्याने फ्लशची एक रेघ मारायची, पाचवी आडवी. मुलाने "हे फारच ऑकवर्ड आहे" असं जाहीर केलं आणि तरी इमानदारीने रेघा मारल्या. आठवड्याची सरासरी दिवसाला अठरा. अठरा गुणिले साडेनऊ, एकशे एकाहत्तर लिटर. म्हणजे माणशी त्रेचाळीस. इमारतींचे आराखडे करणारे लोक माणशी पाण्याच्या हिशेबात फ्लशसाठी पंचेचाळीस लिटर धरतात, तसं आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतच आहे. आम्ही अगदी पुस्तकातलं कुटुंब निघालो. आणि त्या अठरातले बारा-तेरा फ्लश नुसत्या लघवीसाठी होते. वाटीभर लघवी ढकलायला अर्ध्या बादलीहून जास्त, तेही टँकरने विकत आणलेलं पाणी.

पहिला उपाय व्हॉट्सॲपने सुचवला. टाकीत पाण्याने भरलेली बाटली ठेवा, तेवढं पाणी दर फ्लशला वाचेल. नवरा म्हणाला वीट ठेवू, घरात एक उरली आहे. आमच्या प्लंबरकाकांनी फोनवरच हसून घेतलं. "ताई, विटेचा पाण्यात भुगा होतो. रेती खाली वॉशरवर बसली की टाकी कायमची गळणार, मग मलाच बोलवाल." तेव्हा बाटल्या. एकेक लिटरच्या दोन, बॉलकॉकच्या, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या, दांडीला अडणार नाहीत अशा कोपऱ्यात. साडेनऊचे साडेसात झाले. मी मनातल्या मनात दिवसाला छत्तीस लिटर वाचवूनही टाकले.

आठवड्याने पट्टी मोजली तर रेघा दिवसाला चोवीस. चोवीस गुणिले साडेसात, एकशे ऐंशी. बचत करून आम्ही रोज नऊ लिटर जास्त उडवत होतो.

कारण पट्टीवरच दिसत होतं. रेघा जोडीजोडीने यायला लागल्या होत्या. एका फ्लशने साफ होत नव्हतं, म्हणून माणूस टाकी भरेपर्यंत थांबून पुन्हा दाबत होता. बाटलीने टाकीतल्या पाण्याची उंची कमी होत नाही, म्हणून सुरुवातीचा जोर तोच राहतो, पण दम आधी संपतो. आमचं भांडं नऊ-दहा लिटरच्या काळातलं. त्याच्या तळाचा उतार, मागचा ट्रॅप, म्हणजे वास अडवणारं वळण, त्यात कायम साठलेलं पाणी, हे सगळं तेवढा मोठा लोंढा येणार असं धरून घडवलेलं. लोंढा मध्येच तोडला की मैला वळणावर अडकतो. टाकी आणि भांडं ही जोडी आहे. एकाला उपाशी ठेवून दुसऱ्याकडून काम होत नाही.

ही चूक आमच्या आधी एका अख्ख्या देशाने केली आहे, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. अमेरिकेत १९९२च्या कायद्याने घरगुती कमोडला जास्तीत जास्त १.६ गॅलन, म्हणजे साधारण सहा लिटर, अशी मर्यादा घातली आणि ती १९९४पासून लागू झाली. पहिल्या पिढीतल्या बऱ्याच कमोडना ते झेपलं नाही. लोक दोनदा फ्लश करत आणि सरकारला शिव्या घालत. पुढे २००३च्या सुमारास तिकडे आणि कॅनडात कमोडची परीक्षाच घ्यायला सुरुवात झाली. सोयाबीनच्या घट्ट पेस्टचे लांबट गोळे टाकून एका फ्लशमध्ये किती ग्रॅम जातात ते बघायचं. आज तिथे पाणी वाचवणारा म्हणून शिक्का हवा असेल तर एका फ्लशला साडेतीनशे ग्रॅम जावे लागतात. सोयाबीनचा असा उपयोग लातूरच्या आमच्या व्याह्यांना सांगितला तर ते जेवणावरून उठतील. पण मुद्दा बिनतोड आहे. टाकीवर लिहिलेले लिटर म्हणजे अर्धीच माहिती, तेवढ्यात काम होतं का हे बघायला हवं.

बाटल्या काढल्या.

आता आईंचे कान. एप्रिलमध्ये एके दिवशी सकाळच्या चहाला त्या म्हणाल्या, "अगं, तुमची ती टाकी रात्रीची शिंकते." आम्ही हसलो. त्यांना पहाटे तीनला जाग येते, मग पडल्या पडल्या सगळ्या इमारतीचे आवाज त्यांना कळतात. "कुणी गेलेलं नसतं तरी मध्येच सूंऽऽ करते आणि गप्प बसते. परत थोड्या वेळाने सूंऽऽ."

त्या रात्री मी जागी राहून ऐकलं. खरंच. कुणीही आत नसताना टाकी थोडीशी भरून घेत होती. भरून घेते म्हणजे कुठेतरी रिकामी होते, आणि फरशी तर कोरडी. म्हणजे पाणी आतल्या आत, टाकीतून भांड्यात चाललेलं.

खात्रीसाठी प्लंबरकाकांनी सांगितलेली युक्ती केली. टाकीत खाण्याचा रंग टाकायचा आणि फ्लश न करता वाट बघायची. घरात गणपतीतला जिलेबीचा केशरी रंग होता, तो चमचाभर टाकला. दहा मिनिटांनी टॉर्च घेऊन वाकून बघितलं. भांड्याच्या मागच्या भिंतीवरून, दोऱ्याएवढी, सरळ खाली उतरणारी केशरी रेघ. एरवी ते पाणी पांढऱ्या भांड्यावर दिसत नाही, आवाज करत नाही, लाटही उठवत नाही. आमचा मुलगा पहिल्यांदा या प्रकरणात मनापासून रमला. त्याने फोटो काढून ठेवला.

मग गळती मोजली. अँगल कॉक बंद, नेलपॉलिशचा ठिपका, तासाभराने पुन्हा बघितलं तर पातळी पाच सेंटिमीटर उतरलेली. टाकी आतून चाळीस बाय पंधरा सेंटिमीटर. म्हणजे तासाला तीन लिटर, दिवसाला बहात्तर. कॉक चालू असताना पातळी, आणि तिच्याबरोबर दाब, सतत वरच राहतो, तेव्हा खरा आकडा याहून थोडा मोठाच. म्हणजे कुणीही न दाबलेले साडेसात फ्लश रोज जात होते, आणि आम्ही बाटल्यांमध्ये दोन-दोन लिटर शोधत बसलो होतो.

काकांनी टाकीच्या तळाचा झडपेचा रबर, म्हणजे वॉशर, काढून दाखवला. त्याच्या कडेवर पांढरट, खरखरीत थर, नखाने खरवडला तर खडूसारखा निघणारा. "बोअरचं पाणी," ते म्हणाले. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, जड. उन्हाळाभर ते टाकीत उभं राहतं आणि क्षार रबरावर बसतात. रबर एका केसाने जरी उचललं गेलं तरी पाण्याला वाट मिळते. पाणी कमी म्हणून टँकर, टँकरच्या पाण्याने रबर खराब, रबर खराब म्हणून गळती, गळतीमुळे पुन्हा टँकर. हे चक्र आमच्या बिलावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. नव्या वॉशरची किंमत मीटिंगच्या चहा-बिस्किटांपेक्षा कमी होती.

इथे काकांनी देशी संडासातल्या आमच्या मोडक्या टाकीची बाजू घेतली, आणि मला ती पटली. बिडाच्या जुन्या साखळीच्या टाकीत खाली झडपच नसते. आत घंटेसारखं भांडं असतं. साखळी ओढली की ते वर उचलून सोडलं जातं, पाणी नळीच्या तोंडावरून पलीकडे ढकललं जातं आणि मग सायफनने ओढ घेऊन सगळं खाली येतं. साखळी न ओढता पाणी आपणहून नळीवर चढू शकत नाही, त्यामुळे ही टाकी चोरून गळत नाही. बिघडलाच तर बॉलकॉक बिघडतो, आणि मग बाजूच्या नळीतून धार डोक्यावर पडते, म्हणजे बिघाड स्वतः येऊन सांगतो. इंग्लंडमध्ये या कारणासाठी सायफनच सक्तीचा होता. शतक बदलताना नियम सैल झाले, झडपेच्या टाक्या आल्या, आणि आता तिथल्या पाणीकंपन्या गळके कमोड शोधत फिरतात. बटण दाबायला हलकं झालं, त्याची किंमत ही.

केशरी रेघेचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. नेहमी गुड मॉर्निंगला फुलं पाठवणाऱ्यांनीही उत्तर दिलं नाही. मग मी रविवारी रंगाची डबी घेऊन दारोदार गेले. हे सोपं नव्हतं. कुणाच्या घरी जाऊन "तुमचा संडास बघू का" म्हणायला तोंड लागतं. दोन घरी आधी चहा झाला, एका घरी "नंतर या" झालं. पण बारापैकी पाच घरांत रंग उतरला. त्यातल्या एका घरी झडप ठीक होती, पण बॉलकॉक वेळेवर बंद होत नव्हता आणि पाणी टाकीतल्या उभ्या नळीतून थेट भांड्यात वाहत होतं, चोवीस तास. त्या भाडेकरू मुलांना वाटत होतं कमोड असाच असतो, कायम खळखळणारा.

मे महिन्यात उलटीकडून धडा मिळाला. पाणी वाचवण्याच्या उत्साहात दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराने टाकी बंदच केली आणि मगभर पाणी ओतून कमोड वापरायला सुरुवात केली. दोन आठवड्यांनी तळमजल्याचं चेंबर तुंबलं. दोष एकट्या मगाचा नव्हता. चेंबरमधून वेट वाइप्सचा आणि केसांचा गुंता निघाला, त्यालाच बाकीचं अडकलेलं. पण आमचा खालचा पाइप इमारतीच्या मागून लांबवर आडवा जातो आणि त्याला उतार बेताचा. भांड्यातून मैला गेला म्हणजे तो गेला असं नाही, त्याला पुढच्या चेंबरपर्यंत तरंगत न्यायला मागून पाणी लागतं. मगभर पाण्याने तो डोळ्यांआड होतो, पाइपात राहतो. सफाईला जेटिंगची, म्हणजे पाण्याच्या जोरदार माऱ्याने पाइप मोकळा करणारी, गाडी बोलवली. "आतमध्ये माणूस उतरवून पटकन करून देतो, गाडीपेक्षा स्वस्तात" असंही एकाने सुचवलं होतं. ते २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे आणि कायदा नसता तरी मी त्या पावतीवर सही केली नसती. आपण वाचवलेल्या पाण्याची किंमत दुसऱ्याच्या हातांनी चुकवायची, असला हिशेब माझ्या वहीत बसत नाही.

आईंना मात्र मगाची थट्टा आवडली नाही. त्या कणकवलीकडच्या. त्यांच्या लहानपणी घरामागच्या संडासाला तांब्या-दोन तांबे पाणी पुरायचं. त्याच मुलुखात, गोपुरी आश्रमात, कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करणारे संडास लोकांना बांधून दाखवले होते, ते त्यांना ऐकून माहीत. त्यांचं चूक नाही. तांब्याभर पाण्यात जाणारा संडास वेगळाच घडवलेला असतो. बिंदेश्वर पाठकांच्या सुलभ शौचालयाचं भांडं बघा: उतार एकदम तीव्र, ट्रॅपमधलं पाणी जेमतेम वीस मिलिमीटर, म्हणून दीड लिटरमध्ये भागतं. आणि खड्डा लगेच मागे, चार मजले आणि लांबलचक आडवा पाइप नाही. तीच सवय शहरी कमोडवर आणली की भांडं आणि पाइप दोन्ही रुसतात.

बादलीने फ्लश करायचाच तर तो कसा, हे आम्हाला देशी संडासाने शिकवलं. वॉशिंग मशीनच्या शेवटच्या खळबळीचं पाणी आम्ही टबात धरतो. ते हळूहळू ओतलं तर बादली संपते आणि काही होत नाही. कमरेच्या उंचीवरून, एका झटक्यात पाच लिटर सोडले की काम होतं. हे पाणी टाकीत मात्र भरू नये. कपड्यांचा तंतू झडपेत बसतो, साबणाचं पाणी उभं राहून दोन दिवसांत कुबट वास मारतं, आणि पुन्हा गळती. आरओचं वाया जाणारं पाणीही आधी टाकीत घालायचा माझा बेत होता, पण ते जास्तच क्षारांचं. तेही आता बादलीत.

लघवीला दर वेळी फ्लश करायचाच नाही, हा सगळ्यात स्वस्त उपाय. २०१८मध्ये केपटाउनला माणशी पन्नास लिटरची मर्यादा आली तेव्हा तिथल्या प्रशासनाने लोकांना हेच करायला सांगितलं होतं. मी घरात विषय काढला. आईंनी एका शब्दात निकाल दिला: "शी." आम्ही तडजोड म्हणून रात्री अकरा ते सकाळी सहा असं ठरवलं. ते चार दिवस टिकलं. उन्हाळ्यात, बंद खिडकीच्या संडासात, ते टिकणारही नव्हतं.

शेवटी जूनच्या सुरुवातीला कमोडच बदलला. टाकी आणि भांडं एकत्र, दोन बटणांचं, सहा आणि तीन लिटरचं. नुसती दोन बटणांची टाकी जुन्या भांड्याला लावून स्वस्तात भागवता आलं असतं, पण बाटल्यांचा अनुभव ताजा होता. दोन बटणांची कल्पना ऑस्ट्रेलियातली, कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसनने १९८०मध्ये आणलेली. पण त्यांचाही पहिला फ्लश अकरा आणि साडेपाच लिटरचा होता. सहा आणि तीनवर यायला त्यांना भांड्याची घडणच बदलावी लागली. दुकानात "पाणी कमी लागतं" असं सगळेच सांगतात. मी विक्रेत्याला विचारलं, एका फ्लशमध्ये नक्की साफ होतं ना? तो म्हणाला, "मॅडम, घरी लावून बघा." प्रामाणिक उत्तर.

पहिला आठवडा वाईट गेला. दोन्ही बटणं चकचकीत, एक चंद्रकोरीसारखं, एक मोठं, आणि लहान कुठलं ते कुठेही लिहिलेलं नाही. मुलगा सवयीने मोठंच दाबायचा, आई आखडलेल्या बोटांनी दोन्ही एकदम. मग मीच लहान बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. त्यानंतर पट्टीवर दिवसाला पाच मोठे, तेरा लहान. तीस अधिक एकोणचाळीस, एकोणसत्तर लिटर. आधीचे एकशे एकाहत्तर आणि गळतीचे बहात्तर धरले तर दोनशे त्रेचाळीसवरून इथे आलो. यातली गळतीची बचत जवळजवळ फुकटात झाली, उरलेल्या एकशे दोन लिटरना नवा कमोड लागला. आधी वॉशर आणि मग कमोड, याच क्रमाने मी आता सोसायटीत सांगते, आणि कमोड परवडत नसेल तर पहिल्यावर थांबा म्हणते.

नव्या टाकीच्या तळाशीही रबराचीच झडप आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी बोअरचंच असेल. म्हणून रंगाची डबी मी स्वयंपाकघरात परत ठेवलेली नाही. ती आईंच्या कपाटात असते. दर महिन्याच्या संकष्टीला मुलगा चमचाभर टाकीत टाकतो, आणि मग आजी आणि नातू टॉर्च घेऊन दहा मिनिटं बघत बसतात. मागच्या वेळी काही उतरलं नाही. आई म्हणाल्या, रंग जुना झाला असेल, नवा आण.